सामाईक विहीर



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो आहे, त्यामुळे आजचं पुष्प गुंफताना थोडी धास्ती वाटते. सरांची एक जुनी तक्रार होती. इतिहासाच्या पेपरात व्हर्सायच्या तहावर प्रश्न हमखास यायचा. त्याची कलमं, त्याचे दोष, त्यातून उगवलेलं दुसरं महायुद्ध. सर म्हणायचे, "नापास झालेल्या तहाला दहा मार्क, आणि पास झालेला तह पोर्शनमध्येच नाही." आज तो पोर्शनबाहेरचा प्रश्न सोडवायला घेतो आहे.

१८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीन मोठी युद्धं लढले. त्यानंतर पंचाहत्तरहून जास्त वर्षं उलटली आणि दोघांमध्ये एक गोळी सुटलेली नाही. आज स्ट्रासबुर्गहून ट्राम निघते, ऱ्हाईनवरचा पूल ओलांडते आणि जर्मनीतल्या केल गावात जाऊन थांबते. लोक पिशव्या घेऊन बाजारहाटाला जातात, परत येतात. हे कसं घडलं याची नेहमीची उत्तरं आपल्याला पाठ आहेत. लोक युद्धाला कंटाळले होते, अमेरिकेचं सैन्य येऊन बसलं होतं, रशियाची भीती होती, अणुबाँब आला होता. यातलं एकही खोटं नाही. पण कंटाळा १९१८ सालीही होता आणि चांगला पोटभर होता. वीस वर्षांत तो ओसरला. म्हणून मी आज मुत्सद्द्यांच्या कामाबद्दल बोलणार आहे, त्यातही कोळशाच्या हिशेबाबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एकमेकांवर विश्वास बसला, मग करार झाला, असा क्रम इथं नव्हता. समोरचा दगा देईल हे धरूनच व्यवहार बांधला गेला. विश्वास आला तो बराच मागाहून, पाय ओढत.

आधी तुम्हाला स्ट्रासबुर्गच्या एका चौकात नेतो. प्लास द ला रेपुब्लिक हे त्याचं नाव. तिथं १९३६ साली उभारलेलं युद्धस्मारक आहे. एक आई बसली आहे आणि तिच्या मांडीशी मरणाच्या दारातले दोन मुलगे. त्यांच्या अंगावर गणवेश नाही, कपडेच नाहीत. गणवेश घालायचा तर कुठल्या देशाचा घालणार? एक मुलगा फ्रान्सच्या बाजूचा, दुसरा जर्मनीच्या. खाली कोरलेलं वाक्य अगदी छोटं आहे: आमच्या मृतांना. फ्रान्समध्ये गावोगावच्या स्मारकांवर देशासाठी, फ्रान्ससाठी असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते इथं नाही. अल्सेस आणि लॉरेनचा काही भाग १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये परत जर्मनीकडे आणि युद्ध संपताना परत फ्रान्सकडे. घराचा उंबरठा न बदलता चारदा देश बदललेली म्हातारी माणसं तिथं होती. दुसऱ्या महायुद्धात या मुलखातले सुमारे १ लाख ३० हजार तरुण जर्मन सैन्यात जबरदस्तीनं भरती झाले. फ्रेंच लोक त्यांना 'माल्ग्रे-नू' म्हणतात, म्हणजे आपल्या मनाविरुद्ध गेलेले.

रोबेर शुमान याच मातीतला. वडील लॉरेनचे, १८७१ नंतर कागदोपत्री जर्मन झालेले. मुलाचा जन्म १८८६ मध्ये लक्झेंबर्गला झाला, कायद्याचं शिक्षण बॉन, म्युनिक, बर्लिन आणि स्ट्रासबुर्गला, वकिली मेत्झला. पहिल्या महायुद्धात हा माणूस जर्मन नागरिक होता. १९१९ मध्ये तो फ्रेंच झाला आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या संसदेत निवडून गेला. १९४८ मध्ये फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री झाला तेव्हाही त्याच्या फ्रेंच बोलण्यात जर्मन वळण ऐकू येई आणि विरोधक त्यावरून टोमणे मारत. समोर पश्चिम जर्मनीत होते चॅन्सेलर कोनराड आडेनाउर, कोलोनचे जुने महापौर, ऱ्हाईनकाठचे. इटलीत पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी. त्यांचा जन्म त्रेन्तीनोचा, तेव्हाच्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातला, आणि १९११ मध्ये ते व्हिएन्नाच्या संसदेत सभासद होते. हे तिघं एकत्र बसले की जर्मनमध्ये बोलू शकत. तिघंही सीमेवरचे, तिघंही कॅथलिक, तिघंही वयस्क. योगायोगाला इतिहासात फार मोठी जागा देऊ नये असं सर सांगत, तरी एवढा योगायोग मी पदरात घेतो.

व्हर्सायबद्दल मी थोडक्यातच बोलणार, कारण ते तुम्हाला दहा मार्कांपुरतं येतंच. १८ जानेवारी १८७१ रोजी ज्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, त्याच महालात २८ जून १९१९ रोजी जर्मनांकडून सही घेतली. १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई लादली. ती थकली म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमनं जर्मनीच्या कोळसापट्ट्यात, रूहरमध्ये, सैन्य घुसवलं. पुढे हिटलरनं १९१८ च्या युद्धबंदीचा रेल्वेडबा संग्रहालयातून बाहेर काढून कॉंपिएन्यच्या त्याच जागी आणवला आणि २२ जून १९४० रोजी फ्रान्सला त्यातच सही करायला लावली. महाल, डबा, जागा, तारखा. सूडाला स्मरणशक्ती फार चांगली असते.

आता एक गोष्ट आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही. १९४५ मध्ये फ्रान्सनं आधी पुन्हा तेच करून पाहिलं. रूहर जर्मनीपासून तोडा, ऱ्हाईनलँड वेगळा करा, सार आमच्या हाती द्या, अशी पॅरिसची मागणी होती. पुढे ज्याला युरोपचा जनक म्हणू लागले त्या झाँ मोने यांनी १९४६ मध्ये फ्रान्सच्या पुनर्बांधणीची जी योजना आखली, तीही रूहरचा कोळसा फ्रान्सच्या भट्ट्यांना मिळणार हे धरूनच. लॉरेनमध्ये लोहखनिज आहे, पण भट्टीला लागणारा कोक रूहरमध्ये. निसर्गानं एक धंदा दोन देशांत वाटून टाकला आणि माणसांनी त्यावरून पिढ्या खर्ची घातल्या.

फ्रान्सचं मन पालटलं असं म्हणण्यापेक्षा फ्रान्सचे पर्याय संपले असं म्हणावं. ५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी हार्वर्डला युरोपच्या मदतीचं भाषण केलं. पुढच्या चारेक वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर पश्चिम युरोपात आले, पश्चिम जर्मनीतही आले. जर्मनी उभा राहिल्याशिवाय युरोप उभा राहत नाही हा अमेरिकेचा हिशेब पक्का होता. जर्मन पोलादावर वर्षाला १ कोटी ११ लाख टनांची मर्यादा होती. ती वाढवायची मागणी १० मे १९५० च्या लंडनच्या बैठकीत येणार हे पॅरिसला दिसत होतं. नाही म्हणण्याची ताकद फ्रान्सकडे नव्हती आणि हो म्हणायची हिंमत होत नव्हती.

मोने इथं कामी आले. कोन्याकच्या ब्रँडी व्यापाऱ्याचा हा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघात उपमहासचिव होता आणि सद्भावनेचे ठराव कसे वाऱ्यावर जातात हे त्यानं तिथं आतून पाहिलेलं. त्यानं कागदावर मांडलं ते असं: जर्मन कोळसा-पोलादावरचं कुंपण आज ना उद्या निघणारच आहे, तर ते निघण्याआधी त्या कुंपणाच्या बदल्यात काही पदरात पाडून घ्या. दोघांचाही कोळसा, दोघांचंही पोलाद एका सामाईक प्राधिकरणाच्या हाती द्या. दुसरे कुणी येत असतील तर येऊ द्या. कागद पंतप्रधान बिदो यांच्याकडेही गेला होता. तिथं तो पडून राहिला. शुमान यांचे सचिव बेर्नार क्लापिए यांनी तो आपल्या साहेबांच्या हाती दिला. शुमान शनिवार-रविवारसाठी रेल्वेनं मेत्झजवळच्या घरी गेले, कागद वाचला आणि सोमवारी पॅरिसच्या स्टेशनवर उतरताना मी हे घेतो म्हणाले.

९ मे १९५० च्या सकाळी शुमान यांचा एक निरोप्या बॉनमध्ये पत्र घेऊन आडेनाउर यांच्या दारात होता. इकडे पॅरिसमध्ये मंत्रिमंडळाची बैठक सुरू होती आणि शुमान विषय काढत नव्हते. बॉनहून होकाराचा फोन आला, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. संध्याकाळी परराष्ट्र खात्याच्या घड्याळाच्या दालनात पत्रकारांसमोर निवेदन वाचलं गेलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अॅचिसन पॅरिसमध्येच होते, त्यांना आधीच सांगितलेलं. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांना सांगितलं नव्हतं आणि ते भयंकर चिडले. आपल्या लग्नात मानाचं निमंत्रण राहिलं की जे होतं, तेच.

या योजनेला मी मनातल्या मनात सामाईक विहीर म्हणतो. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात, रान वाटलं जातं, बैल वाटले जातात, विहीर वाटता येत नाही. सातबाऱ्यावर सामाईक अशी नोंद राहते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. आता तुमच्या चेहऱ्यावर हसू का आलं ते मला कळतं. सामाईक विहीर म्हटलं की कोर्टाची पायरी आलीच. या सभागृहातल्या वकील मंडळींपैकी एकदोघांची घरं त्यावर उभी राहिली असतील. पण मोने आणि त्यांच्या सोबतच्या कायदेपंडितांनी हे आधीच धरलं होतं. १८ एप्रिल १९५१ च्या पॅरिस तहात फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी विहिरीबरोबर पाळ्या ठरवणारा कारभारी नेमला, त्याच्यावर लक्ष ठेवणारी सभा नेमली, सहा सरकारांच्या मंत्र्यांची बैठक बसवली आणि शेजारी न्यायालयही बांधून ठेवलं. त्या तहाची प्रत फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात हॉलंडच्या कागदावर जर्मन शाईनं छापली होती आणि तिला इटलीच्या रेशमी फिती होत्या.

कारभाऱ्याचं नाव उच्च प्राधिकरण. नऊ सभासद, मुक्काम लक्झेंबर्ग, पहिले अध्यक्ष मोने. ऑगस्ट १९५२ मध्ये काम सुरू झालं, फेब्रुवारी १९५३ मध्ये कोळशाची सामाईक बाजारपेठ उघडली, मे महिन्यात पोलादाची. या प्राधिकरणाला खाणी आणि कारखान्यांवर थेट पट्टी बसवायचा अधिकार होता, म्हणजे कुठल्याही सरकारकडे हात न पसरता पैसा उभा राहत होता. त्यातून बेकार झालेल्या खाणकामगारांना नवं काम शिकवलं गेलं, त्यांच्यासाठी घरं बांधली गेली. बेल्जियमच्या खाणी जुन्या आणि तोट्यातल्या. त्यांना सावरायला जर्मन आणि डच खाणींनी काही वर्षं पैसे भरले. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. जर्मन कोळशाच्या पैशातून बेल्जियमची खाण चालते आहे, हे चित्र मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठं वाटतं.

आणि न्यायालय? त्याचा पहिलाच निकाल २१ डिसेंबर १९५४ रोजी लागला. वादी कोण, तर फ्रान्सचं सरकार. प्रतिवादी, मोने यांचं उच्च प्राधिकरण. भांडण पोलादाच्या दरपत्रकावरून. फ्रान्सचं म्हणणं काही अंशी मान्य झालं, प्राधिकरणाचा एक निर्णय रद्द झाला, सगळे घरी गेले. इतकं रटाळ प्रकरण की वर्तमानपत्रांनी आतल्या पानावर दिलं असेल तर मला नवल वाटणार नाही. १९२३ मध्ये कोळसा थकला तेव्हा सैन्य पाठवलं होतं. १९५४ मध्ये दर पटला नाही तेव्हा वकील पाठवला.

हे गोडीगुलाबीनं चाललं असं मात्र समजू नका. याच काळात सामाईक सैन्याची योजना आली. तीही फ्रान्सनंच मांडली, मे १९५२ मध्ये सहाही देशांनी सही केली आणि ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेनं ती फेटाळली. कोळसा सामाईक चालेल, पोरांच्या हातची बंदूक सामाईक नको. मला यात त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. शेवटी पश्चिम जर्मनी मे १९५५ मध्ये नाटोत आला, अणू, जैविक आणि रासायनिक शस्त्रं आपण बनवणार नाही असं लिहून देऊन.

खरी कसोटी लागली ती सारमध्ये, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. सार हा दहा लाखांच्या आसपास वस्तीचा, कोळशाच्या खाणींचा छोटा मुलूख. १९४७ पासून तो जर्मनीपासून वेगळा, फ्रान्सच्या छत्राखाली. फ्रँक हे चलन. १९५२ च्या ऑलिंपिकला सारचा स्वतंत्र संघ गेला होता. १९५४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर सार विरुद्ध पश्चिम जर्मनी असा सामना झाला, आणि सारच्या संघाचे प्रशिक्षक हेल्मुट श्योन पुढे त्याच पश्चिम जर्मनीला विश्वचषक जिंकून देणार होते. हसावं की रडावं कळत नाही.

ऑक्टोबर १९५४ मध्ये दोन्ही सरकारांनी तोडगा काढला: सार कुणाचाच नको, त्याला युरोपीय दर्जा द्या. आडेनाउर यांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करून त्याला होकार दिला. फक्त सारच्या लोकांची संमती घ्यायची होती. २३ ऑक्टोबर १९५५ रोजी मतदान झालं. शंभरातल्या शहाण्णवाहून जास्त मतदारांनी मत दिलं आणि ६७.७ टक्के लोकांनी हा युरोपीय दर्जा नाकारला. त्यांना जर्मनीत जायचं होतं. ज्या योजनेवर युरोपचं नाव होतं ती पडली. मुख्यमंत्री योहानेस होफमान यांनी त्याच दिवशी पद सोडायची तयारी केली.

आता फ्रान्स काय करणार? दोन महायुद्धांचा जेता, हातात खाणी, सीमेवर सैन्य. फ्रान्सनं निकाल मानला. मानला म्हणजे उदारपणे सोडून दिला असं नव्हे, बसून हिशेब केला. २७ ऑक्टोबर १९५६ च्या लक्झेंबर्ग करारात सार जर्मनीत जायचा ठरला. त्याच्या बदल्यात वार्न्ट भागातला कोळसा पुढची काही दशकं फ्रान्सला काढू द्यायचा आणि मोझेल नदीचा कालवा करायचा, म्हणजे लॉरेनच्या कारखान्यांना थेट ऱ्हाईनपर्यंत बोटीनं माल नेता येईल. १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीचं राज्य झालं. फ्रँक मात्र १९५९ च्या जुलैपर्यंत चालू राहिला. मोझेलचा जलमार्ग १९६४ मध्ये फ्रेंच राष्ट्राध्यक्ष द गॉल, जर्मन राष्ट्राध्यक्ष ल्युबके आणि लक्झेंबर्गच्या ग्रँड डचेस शार्लोत यांनी मिळून खुला केला. मुलूख दिला आणि कालवा घेतला. आपल्या इतिहासात मुलूख देऊन कालवा घेणारा कुणी मुत्सद्दी असता तर पुढच्या शंभर वर्षांत त्याला काय काय म्हटलं गेलं असतं, याची कल्पना तुम्हीच करा.

कर्जाचंही असंच. २७ फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारात जर्मनीची जुनी-नवी देणी साधारण निम्मी केली गेली, हप्ते देशाला पेलतील असे बसवले आणि युद्धभरपाईचा प्रश्न जर्मनी एक होईपर्यंत बाजूला ठेवला. देणी माफ करणाऱ्यांत ज्याच्यावर जर्मनीनं स्वतः अत्याचार केले तो ग्रीसही होता. पहिल्या महायुद्धाच्या भरपाईसाठी काढलेल्या रोख्यांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीनं ३ ऑक्टोबर २०१० रोजी चुकता केला.

मग कुठं रँसच्या कॅथीड्रलमधली प्रार्थना, जुलै १९६२. द गॉल आणि आडेनाउर शेजारी शेजारी. २२ जानेवारी १९६३ चा एलिझे करार. त्याच वर्षी दोन्ही देशांच्या तरुणांची देवाणघेवाण करणारी कचेरी स्थापन झाली, आणि लाखो मुलं एकमेकांच्या घरी राहून आली. मिठ्यांची छायाचित्रं या काळातली आहेत. कोळशाचा तह त्याआधी बारा वर्षांचा.

इथं थांबलो तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. ही शांतता युरोपातल्या युरोपात होती. १९५४ च्या नोव्हेंबरपासून फ्रान्स अल्जीरियात लढत होता, त्याआधी इंडोचायनात. पोर्तुगाल सहा देशांत नव्हता, पण १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता. सारच्या मतपेट्या उघडल्या त्याच्या दहा आठवडे आधी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. त्यात आपल्या भागातूनही लोक गेले होते. दहा लाख सारवासीयांना मत विचारलं जात होतं आणि गोव्याला कुणी काही विचारत नव्हतं. शुमान-मोने यांचं कौतुक मी मनापासून करतो, पण ते करताना ही तारीख विसरायला मी तयार नाही.

आणि खुद्द युरोपच्या त्या मातीतही आपली माणसं आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडात माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं गेलं. ज्या युरोपानं नंतर विहीर सामाईक केली त्याच्या हिशेबात हे मरणही धरायला हवं. इटलीला जाणं झालं तर फ्लोरेन्सबरोबर अर्धा दिवस मोन्तोनेलाही द्या.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण करतो. कोळसा-पोलादाचा तह पन्नास वर्षांसाठी होता. मुदत २३ जुलै २००२ रोजी संपली आणि नूतनीकरण कुणी मागितलं नाही. लॉरेनची शेवटची कोळसा खाण एप्रिल २००४ मध्ये बंद झाली, सारची ३० जून २०१२ रोजी, रूहरची डिसेंबर २०१८ मध्ये.